स्पिनिंग खात्यातला सोमवार

दत्तामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कल्याणच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते. तिथला फोन मालकांच्या टेबलावर असतो आणि माझ्यासाठी तो सहसा वाजत नाही. भिकाजी, तिथला जुना कंपोझिटर, हात पुसत आला आणि म्हणाला, "ताई, ठाण्याहून आहे. बाई बोलतायत, पण धड बोलत नाहीत." पलीकडे मामी होती. माजिवड्याच्या नाक्यावरच्या किराणा दुकानातून बोलत होती. "तुझा मामा गेला गो," ती म्हणाली. "सकाळी चहा प्यायला... कप खाली ठेवला... आणि गेला." मी विचारलं, "धाप लागली होती का?" मामी म्हणाली, "नाही. आज नव्हती."

गेली नऊ वर्षं मी त्या माणसाचा श्वास मोजत आले होते. तो समोर असला की कानांनी, आणि नसला की मनातल्या मनात. रिसीव्हर खाली ठेवताना पहिली जाणीव झाली ती ही, की आता मोजायला नको. दुसऱ्याच क्षणी त्या जाणिवेची इतकी लाज वाटली, की प्रूफ तसंच टाकून मी रस्त्यावर आले. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मामा किती भला माणूस होता हे सांगणारे लोक त्याच्या चाळीत पुष्कळ आहेत, त्यांनी सांगितलंही. मला दुसरं काही लिहायचं आहे. माझ्या हातून त्याच्या बाबतीत एक गोष्ट घडली. दुसऱ्यांच्या चुका मी आजवर जाड टाइपात छापत आले. स्वतःची निदान बारीक टाइपात तरी छापायला हवी.

दत्ताराम हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. संगमेश्वराकडच्या गावातून सतराव्या वर्षी आला आणि ठाण्यातल्या एका सूतगिरणीत लागला, तो थेट स्पिनिंग खात्यात, सूत कातायला. आमच्या घरात 'स्पिनिंग' हा शब्द इतका रुळला होता, की तो परका आहे हे मला इंग्रजीच्या पुस्तकात तो दिसेपर्यंत ठाऊक नव्हतं. मामा स्पिनिंगला आहे, स्पिनिंग आज बंद आहे, स्पिनिंगमध्ये नवीन मुकादम आलाय... दिवसातून दहा वेळा तो कानावर पडायचा. आईला उन्हातून आल्यावर गरगरलं की मामा म्हणायचा, "ताईच्या डोक्यात स्पिनिंग सुरू झालं, पाणी द्या." रेडिओवर सामना लागला आणि फिरकी गोलंदाजाच्या हातात चेंडू दिला, की हा सरसावून बसायचा. "आला, आमच्या खात्यातला माणूस आला." एखादा शेजारी पदरच्या दोन गोष्टी घालून हकिगत रंगवू लागला, की मामा डोळे न उचलता विचारायचा, "कितव्या नंबरचं सूत काढतोयस रे? फार बारीक निघतंय."

चौथीत असताना शाळेत कार्यानुभवाच्या तासाला टकळी आणि पेळू आणायला सांगितले. माझं सूत दर वितीवर तुटायचं आणि मी गाठ मारून पुढे जायचे. बाईंनी शाबासकी दिली म्हणून ती गुंडी मी मोठ्या दिमाखात मामाला दाखवली. त्याने सूत दोन बोटांतून ओढलं आणि कपाळाला आठी घातली.

"ह्या गाठी कोणी मारल्या?"

"मी."

"स्पिनिंगवाल्याची भाची ना गो तू? गाठी मारायच्या विणकरांनी. आपण सांधायचं."

मग त्याने दाखवलं. तुटलेलं टोक थोडं उसवायचं, वरच्या कापसाला नुसतं टेकवायचं, आणि टकळी फिरवायची. पीळच त्याला आत ओढून घेतो. कुठे तुटलं होतं ते बोटालाही कळत नाही. मामाच्या वाट्याला फ्रेमच्या, म्हणजे सूत कातायच्या लांब यंत्राच्या, दोन बाजू होत्या आणि त्यांवर सूत पिळणाऱ्या शेकडो चात्या. कुठलं तरी सूत सतत तुटतच असायचं, आणि पाळीचे आठ तास तो चालत चालत सांधत असायचा.

दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा असे आणि त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडत. झेंडूच्या माळा घातलेल्या त्या लांबलचक फ्रेमा, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, छपराच्या लोखंडी कैच्यांवर साचलेला पांढरा थर. शेजारच्या, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात आणि स्पिनिंगमध्ये भिंतच नव्हती, तिथली धूळ सरळ इकडे यायची. बायकापोरांना दाखवायला एक फ्रेम पाच मिनिटं चालू केली. मी चातीकडे बोट नेलं, कारण ती मला थांबलेली वाटली. मामाने माझं मनगट धरलं. "बोट जाईल. नीट फिरतं ते थांबल्यासारखंच दिसतं. डुलायला लागलं, की समजायचं बिघडलंय." त्या दिवशी मला ते फक्त यंत्राबद्दल वाटलं होतं.

माझे बाबा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते आणि युनियनचं काम करत. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. मी अक्षरं ओळखायला शिकले ती जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालताना. माझी कच्ची वही म्हणजे उरलेल्या पत्रकांची कोरी पाठ. शाळेत 'निबंध' हा शब्द लिहायला सांगितला तेव्हा मी 'निषेध' लिहून आले होते, हे बाबा अजून सांगतात. एकोणिसाव्या वर्षापासून मी स्वतः पत्रकं लिहू लागले. जुन्या लोकांची 'नम्र विनंती' आणि 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' मला असह्य व्हायचं. मी वाक्यं अशी लिहायचे, की वाचणाऱ्याच्या मुठी वळल्या पाहिजेत. मामा माझं प्रत्येक पत्रक वाचायचा, चष्मा कपाळावर ढकलून, कागद नाकाशी धरून. "सगळं खरं आहे," तो एकदा म्हणाला, "पण मध्ये श्वास घ्यायला जागा ठेव. मोठ्याने वाचणाऱ्याची छाती भरून येते." मी हसले. तो थट्टा करतोय असं मला वाटलं.

त्याच वर्षी एका सोमवारी कॉलेजला दांडी मारून मी अचानक मामाकडे गेले. पहिली पाळी सुटली होती. जिन्याच्या तळाशी, तिसऱ्या पायरीवर मामा बसला होता आणि चपलेचा अंगठा दुरुस्त करत होता. मी जवळ गेले. अंगठा धडधाकट होता. त्याने मान वर केली. त्याच्या गळ्याची शीर दोरीसारखी ताठली होती, आणि तो माझ्याशी बोलण्याऐवजी हाताने 'वर जा, येतो' अशी खूण करत होता. वर मामीने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. त्या घरात सोमवारी कोणाला बोलावत नसत, हे मला तेव्हा कळलं. सोमवारी मऊ भात. सोमवारी रेडिओ बंद, बोलण्यासाठी आवाज चढवावा लागू नये म्हणून. रविवारची सुट्टी घेऊन माणूस पुन्हा त्या धुळीत गेला, की पहिल्या दिवशी छाती आवळून येते. मंगळवारी थोडी सैल होते, बुधवारी आणखी. शनिवारी माणूस जवळजवळ बरा असतो. खात्यातल्या निम्म्या लोकांचं हेच होतं. ते त्याला 'सोमवार' म्हणत. "काय रे, तुला सोमवार आहे का?"

"आणि डॉक्टर काय तपासतात?" मी विचारलं. गिरणीत वर्षातून एकदा छातीची तपासणी व्हायची.

"शनिवारी असते तपासणी," मामा म्हणाला. त्याला आता बोलता येत होतं, चार-चार शब्द. "दर वर्षी शनिवारी. शनिवारी मी कोणालाही चकवीन."

माझं डोकं पेटलं. इतकी साधी चलाखी आणि इतकी वर्षं कोणी बोललं नाही. मी तिथल्या तिथे पत्रक जुळवायला लागले: तपासणी सोमवारी झालीच पाहिजे.  मला वाटलं, मामा नको म्हणेल. तो तसं म्हणाला नाही. "लिही," तो म्हणाला. "पण सोमवारी तपासलं, तर मी सापडणार. अनफिट म्हणून... गेटबाहेर काढणार. सापडलेल्याला ठेवायचं कुठं, ते पण लिही. ते लिहिणार असशील... तरच लिही." मामी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवून उभी होती. मी दोघांसमोर कबूल केलं. मी लिहिलंही. मसुद्यात ती पाचवी मागणी होती, स्वच्छ अक्षरात.

छापखान्यात भिकाजीने टाइप जुळवला आणि मला हाक मारली. पत्रक एका कागदाच्या एकाच बाजूला बसवायचं होतं. "ताई, एक ओळ बाहेर जातेय. कुठली काढू?" मी प्रूफ हातात घेतलं. मथळा लहान करता आला असता. गिरणीच्या नफ्याबद्दलचं वाक्य काढता आलं असतं. आणि शेवटी माझं वाक्य होतं, ज्याच्यासाठी मी दोन दिवस झटले होते: 'आमच्या छातीतला कापूस तुमच्या गाद्यांत भरला जातो, हे यापुढे चालणार नाही.' त्याच्या बरोबर वर पाचवी मागणी. मला ती वाचताना मवाळ वाटली. आधी तपासणी तर मिळू दे, असं मी स्वतःला म्हटलं. "पाचवी काढ," मी भिकाजीला सांगितलं. "ती पुढच्या पत्रकात घेऊ." भिकाजीने चिमट्याने एकेक खिळा उचलला. फार तर दोन मिनिटं लागली असतील.

पुढचं पत्रक निघायला वेळच मिळाला नाही, कारण आम्ही जिंकलो. पत्रक गाजलं. गेटवर लोकांनी ते मोठ्याने वाचलं, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. कारखाने तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापर्यंत ते पोचलं, आणि तीन आठवड्यांच्या आत गिरणीने कबूल केलं: या वर्षी तपासणी सोमवारी. बाबांनी माझ्या पाठीवर थाप दिली. मला त्या वेळी खरोखर काही आठवलं नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, पेरू कापताना एकदम आठवलं, आणि हातातली सुरी खाली ठेवावी लागली. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्याच्या उद्या दुसरं पत्रक काढू." पण उद्याच तपासणी होती. त्या रविवारी मी माजिवड्याला गेले नाही. जायला हवं होतं. जाऊन सांगायला हवं होतं, की मामा, उद्या आजारी पडून घरी राहा. मी अंथरुणात पडून स्वतःला समजावत राहिले, की एखाद्या माणसाला वाचवण्यासाठी मागणीशी दगा करायचा नसतो. हे वाक्यही मी कुठल्या तरी पत्रकातच वाचलं असणार.

सोमवारी अकरा जण सापडले. मामा पहिला. त्याला फुंकायला दिलेल्या यंत्राचा काटा वर गेलाच नाही. गिरणीने काही बेकायदा केलं नाही. 'तब्येतीच्या हितासाठी' त्यांनी त्याला खात्यातून काढलं. दुसऱ्या खात्यात जागा नाही म्हणाले, आणि जागा द्यावी असं कोणी मागितलंही नव्हतं. हिशेब चुकता झाल्याच्या कागदावर सही घेतली. आठवड्याच्या आत आम्ही दुसरं पत्रक काढलं, पाचवी मागणी पहिली करून. त्यावर भांडून उरलेल्या दहांपैकी सहा जणांना सुताच्या गासड्या बांधण्याच्या खात्यात घेतलं गेलं. मामाची सही आधीच झाली होती.

मी त्याला भेटायला गेले तेव्हा तो खिडकीशी बसला होता. सकाळची वेळ, पाळीची. मी काय काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण जिना चढेपर्यंत सगळं विस्कटलं. "मामा, ती ओळ होती. मी लिहिलेली. छापताना जागा नव्हती," मी म्हणाले.

"मी वाचलं ना पत्रक," तो म्हणाला. "पाचवी शोधली. मागेपण बघितलं... मागे कोरं होतं."

मी रडत होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या जागी काय ठेवलंस गो?"

मी ते वाक्य म्हटलं. गाद्या आणि कापूस. त्या खोलीत, त्याच्यासमोर, मोठ्याने. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, एखाद्या मुलाने म्हटलेली शाळेतली कविता ऐकावी तसं. "चांगलं आहे वाक्य," तो म्हणाला. "पण कापूस छातीतून बाहेर नाही येत." मग त्याने मामीला चहा टाकायला सांगितलं, आणि आमच्यात हा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

मामीच्या बहिणीकडे खडवलीला नदीकाठी त्याला हवापालटाला पाठवलं, तर आठव्या दिवशी परत आला. म्हणाला, तिथे इतकं शांत आहे, की कान वाजतात. मग हायवेजवळ नव्या झालेल्या एका सोसायटीत तो वॉचमन म्हणून लागला, खुर्चीवर बसून करायचं काम. तिथे पहिल्या मजल्यावरच्या सबनीस बाईंनी वॉशिंग मशीन आणलं आणि ते कपडे पिळताना सगळी इमारत हादरायची. मामा वर गेला, बटणावर 'स्पिन' लिहिलेलं त्याने अक्षर लावून वाचलं, आणि म्हणाला, "हे तर आमचं खातं." कपडे उपसून त्याने पुन्हा सारखे मांडले, झाकण लावलं, आणि तळहात वर ठेवून उभा राहिला. मशीन गुपचूप फिरायला लागलं. त्यानंतर कुठल्याही मजल्यावरचं मशीन डुलायला लागलं, की दत्तारामला हाक. लिफ्ट नव्हती. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनाही तो कधी नाही म्हणाला नाही, आणि मी तिथे असले, की खाली उभी राहून त्याच्या पावलांचे आवाज ऐकत राहायचे. सहा पायऱ्या... थांबला... पाच पायऱ्या... थांबला. पुढे चार.

आता त्याला सोमवार उरला नव्हता. सगळे दिवस सारखे झाले होते. याचा अर्थ काय, हे मी सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजार मुरला की असं होतं. मी विचारलं, खातं सुटलं म्हणून काही वर्षं जास्त मिळाली असतील का? "मिळाली असतील," डॉक्टर म्हणाले. मी पुन्हा विचारलं, नक्की? ते वैतागले. "असतील म्हटलं ना, बाई." त्या 'असतील'ला मी नऊ वर्षं धरून राहिले. कधी वाटायचं, मी त्याला वाचवलं. कधी वाटायचं, ज्या एका ठिकाणी त्याची बोटं उपयोगाची होती तिथून मीच त्याला उठवलं. दोन्ही खरं असू शकतं, हे लिहायला सोपं आहे. त्याच्यासमोर बसून चहा पिताना ते सोपं नव्हतं. तो वाक्याच्या मध्ये थांबला, की मी कप हातात तसाच धरून ठेवायचे आणि पुढचा शब्द येईपर्यंत पीत नसे.

परवा मामीबरोबर बाजारात गेले होते. परत येताना दोन्ही पिशव्या माझ्याकडे, आणि ती पुढे जिना चढत होती. मामी साठीची आहे, पण तिच्या छातीला काही झालेलं नाही. ती त्या गिरणीत कधी गेलीच नाही, त्या दसऱ्यांखेरीज. तरी सहाव्या पायरीवर ती थांबली. कठड्याला हात लावला, माझ्याकडे पाठ करूनच उभी राहिली, कोणीतरी दम खाऊन घेईपर्यंत थांबावं तशी. तिला ते कळतही नव्हतं. मीही मागे थांबले. नऊ वर्षांत तिने मला त्या पत्रकाबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि तिने विचारावं म्हणून मी वाट बघत होते, की विचारू नये म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

"ती ओळ," मामी म्हणाली. "राहिलेली. काय होती गो?"

मी पिशव्या पायरीवर ठेवल्या. मला ती पाठ आहे. "आजारी ठरलेल्या कामगाराला त्याच पगारावर धुळीबाहेरचं काम द्या."

मामीने ती ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितली.

"एवढीच?" ती म्हणाली, आणि पुढची पायरी चढली.